कधी पेटतो, कधी विझतो

[दृश्य: अंधारात मीटर. किल्ली फिरते, सगळे दिवे पेटतात, इंजिन सुरू होताच एकेक विझत जातात. इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा तेवढा राहतो.]

किल्ली फिरवली की मीटरमधले सगळे दिवे एकदा पेटतात आणि इंजिन लागलं की विझतात. ही त्यांची रोजची हजेरी. माझ्या गाडीतला हा पिवळा 'चेक इंजिन'चा दिवा मात्र आपल्या मनाने वागायचा. आठवडाभर गप्प, मग एके दिवशी अचानक हजर. तो पेटला की ॲक्सिलरेटर कितीही दाबा, गाडी ओढायची नाही. बाजूला घेऊन इंजिन बंद करायचं, पुन्हा सेल्फ मारायचा. गाडी परत पूर्वीसारखी धावायला तयार. गॅरेजमध्ये नेली की दोष गायब. घरी आणली की दोन दिवसांनी पुन्हा तेच.

पहिल्या गॅरेजने स्कॅनर लावला. कोड आला पी०१२२. थ्रॉटलचा, म्हणजे इंजिनात किती हवा जाते ते ठरवणाऱ्या झडपेचा सेन्सर बदलला. नऊ दिवस बरे गेले, दहाव्या दिवशी दिवा पेटला. आता कोड होता पी०१०७, म्हणजे इनटेकमधल्या हवेचा दाब मोजणारा सेन्सर. तोही बदलला. पुढच्याच आठवड्यात दिवा परत आला. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, तशातली गत. त्यांनी मला फसवलं असं मी म्हणणार नाही. स्कॅनरने ज्या पार्टचं नाव दाखवलं, तो त्यांनी बदलला. पण कोड खराब पार्टचं नाव सांगतच नाही, आणि सगळी गफलत तिथेच होते.

[दृश्य: स्कॅनरच्या पडद्यावर पी०१२२. कॅमेरा हळूहळू जवळ.]

पी०१२२चा अर्थ एवढाच, की थ्रॉटल सेन्सरकडून येणाऱ्या वायरवर व्होल्टेज असायला हवं त्यापेक्षा कमी होतं. ते का कमी होतं, हे इंजिनाच्या कॉम्प्युटरला ठाऊक नसतं. सेन्सर गेला असेल. वायर तुटली असेल, किंवा सोलवटून बॉडीला लागली असेल. कपलरची, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लगची पिन सैल असेल. किंवा सेन्सर ठणठणीत असेल आणि त्याला मिळणारा सप्लायच गेला असेल. या सगळ्या दोषांना कोड एकच. कॉम्प्युटर वायरच्या आपल्या टोकाला बसून आकडा वाचतो. दुसऱ्या टोकाला काय झालं, ते आपणच जाऊन बघायचं असतं.

कोडची ही भाषा आता बहुतेक कंपन्यांच्या गाड्यांत सारखी आहे. कॅलिफोर्नियाने गाडीने स्वतःची तपासणी स्वतः करावी असा नियम १९८८च्या मॉडेलपासून आणला. १९९६च्या मॉडेलपासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या नव्या कारना ओबीडी-२, म्हणजे या स्वयंतपासणीची पुढची आवृत्ती, सक्तीची झाली आणि स्कॅनर लावायचा स्टिअरिंगखालचा तो १६ पिनांचा सॉकेट ठरून गेला. हेतू होता धुरावर लक्ष ठेवण्याचा. म्हणूनच या दिव्याचे नियमही धुराच्या हिशेबाने बनलेत आणि गाडी चालवणाऱ्याला ते चमत्कारिक वाटतात. पुष्कळ दोषांत पहिल्या फेरीला, म्हणजे गाडी सुरू करून बंद करेपर्यंतच्या एका खेपेला, कॉम्प्युटर नुसती नोंद करतो, दिवा लावत नाही. दुसऱ्या फेरीला दोष पुन्हा दिसला तर दिवा लावतो. आणि लागोपाठ तीन फेऱ्या निर्दोष गेल्या तर दिवा स्वतःच विझवतो. दिवा विझला म्हणून आपण सुटकेचा श्वास सोडतो. दोष जागेवरच असतो, फक्त त्या तीन फेऱ्यांत त्याने डोकं वर काढलेलं नसतं.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. हा दिवा लुकलुकायला लागला तर प्रकरण वेगळं. त्याचा अर्थ सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाही आणि न जळलेलं इंधन धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतो आहे. तेव्हा शोधाशोध नंतर. आधी पाय हलका करा आणि गाडी सुरक्षित जागी थांबवा.

[दृश्य: बोनेट बंद असलेली गाडी. शेजारी उभे दोघे जण.]

माझी गाडी शेवटी ज्यांच्या हाती लागली ते वायरमन. वयाने मोठे, सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांनी बोनेट उघडलंच नाही. विचारलं, "दिवा पेटला तेव्हा तुम्ही काय करत होता?"

"चालवत होतो, काका."

"ते झालं. पण गाडी काय करत होती?"

मला सांगता येईना. त्यांनी गाडी परत दिली. म्हणाले, "वही ठेवा. दिवा पेटला की लिहा. इंजिन गार की गरम, पाऊस की ऊन, वेग किती, एसी चालू होता का, स्टिअरिंग कुठे वळलेलं होतं. आणि कोड पुसू नका. कुणी म्हटलं तरी बॅटरीची वायर काढू नका."

हे शेवटचं फार महत्त्वाचं. कोड पडतो त्या क्षणाची एक नोंद कॉम्प्युटर जपून ठेवतो, तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात. वेग, इंजिनाचे फेरे, पाण्याचं तापमान, लोड, इंधनाचा हिशेब, सगळं त्यात असतं. कोड पुसला की तीही जाते. पुष्कळ गाड्यांत बॅटरी सोडली तरी जाते. मधूनमधून येणाऱ्या दोषाचा पंचनामा म्हणावा असा हा एकच कागद, आणि आपण दिवा घालवायच्या घाईत तो स्वतःच्या हाताने फाडून टाकतो.

असे दोष लपून का बसतात? कारण त्यांना एखादी परिस्थिती लागते. उष्णता लागते, ओल लागते किंवा हादरा लागतो. इंजिनाचं फिरणं टिपणाऱ्या क्रँक सेन्सरच्या आतली बारीक तार तापल्यावर प्रसरण पावून तुटते आणि गार झाली की पुन्हा टेकते. असली गाडी अर्ध्या तासाने बंद पडते, टो करून आणेपर्यंत सुरू होते. कपलरमध्ये पाणी शिरलं की पिनांवर हिरवा थर चढतो. आणि हादऱ्याचा एक प्रकार तर मला सगळ्यांत कपटी वाटतो. सैल बसलेल्या दोन पिना इंजिनाच्या थरथरीने एकमेकींवर घासत राहतात, अगदी डोळ्यांना न दिसणाऱ्या अंतरात. त्यातून निघालेल्या भुकटीवर गंज धरतो आणि तोच थर मधे आडवा येतो. अशा वेळी सेन्सर बदलताना कपलर काढला आणि लावला की पिना खरवडल्या जातात आणि गाडी चक्क सुधारते. काही आठवडे. नवा सेन्सर लागू पडला असं सगळ्यांना वाटतं. जुना काढून तसाच परत लावला असता तरी तेच झालं असतं.

[दृश्य: बॅटरीवर मल्टिमीटर. आकडा १२.६.]

दोन आठवड्यांनी वही घेऊन गेलो. काकांनी ती बाजूला ठेवली आणि आधी बॅटरी बघितली. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास. सेल्फ मारताना ९.६च्या खाली जायला नको. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. हे तीन आकडे बरोबर नसतील तर बाकी कशालाच अर्थ उरत नाही. व्होल्टेज कोसळलं की कॉम्प्युटर भांबावतात आणि एकमेकांशी संबंध नसलेले कोड पाऊस पडावा तसे पडतात. माझी बॅटरी चांगली होती.

मग अर्थिंग, म्हणजे करंटची बॉडीतून बॅटरीकडे परतायची वाट. इथे काकांनी मला जे दाखवलं ते मी विसरणार नाही. त्यांनी टेबलावर एक जुना, गंजलेला अर्थचा सांधा ठेवला. ओहमवर मीटर लावला, आकडा अर्ध्या ओहमच्या आसपास. मीटरच्या स्वतःच्या वायरीच ०.२, ०.३ दाखवतात, त्यामुळे बघणारा म्हणेल की सांधा ठीक आहे. मग त्याच सांध्यातून त्यांनी ५५ वॉटचा हेडलाइटचा बल्ब पेटवला. बल्ब पिवळट, मरगळलेला. मीटर आता व्होल्टवर ठेवून सांध्याच्या दोन्ही बाजूंना टेकवला. जवळपास २ व्होल्ट त्या गंजातच अडकून पडले होते. ओहमवर ठेवलेला मीटर अगदी क्षीण करंट सोडून बघतो. खऱ्या कामाचं ओझं पडल्याशिवाय सांधा आपलं रूप दाखवत नाही. चांगल्या अर्थवर, काम चालू असताना, ०.१ व्होल्टच्या वर काही पडायला नको. माझ्या गाडीचे अर्थ त्या परीक्षेतही पास झाले.

[दृश्य: वहीचं पान. कॅमेरा ओळींवरून सरकतो.]

आता वही आणि स्कॅनर शेजारी शेजारी आले. या वेळी कोड तीन होते. पी०१२२, पी०१०७ आणि पी०५३२. शेवटचा एसीच्या गॅसचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचा. तिन्हींचं म्हणणं एकच: व्होल्टेज कमी. काका म्हणाले, "तीन माणसं एकाच क्षणी चक्कर येऊन पडली तर तिघांचं रक्त तपासत बसायचं का? पाणी कुठलं प्यायले ते बघा." या तिन्ही सेन्सरना कॉम्प्युटर ५ व्होल्टचा सप्लाय देतो आणि माझ्या गाडीत तो एकाच वायरवरून फुटतो. त्या वायरची एक फांदी कुठेही बॉडीला लागली तर ५ व्होल्ट खाली बसतात आणि तिघेही एकदम आंधळे होतात. वायर सुटली की सगळे पूर्ववत.

पण लागते कधी? फ्रीझ फ्रेम म्हणत होती: वेग ताशी ६ किलोमीटर, इंजिन गरम, फेरे १४००. एवढ्या कमी वेगात कसला हादरा? माझ्या वहीत पाच नोंदी होत्या. त्यांतल्या चार ठिकाणी मी सहज म्हणून लिहिलं होतं, "रिव्हर्स घेताना". कॉम्प्युटरने वेग लिहिला होता. त्या नोंदीत गिअरचा रकानाच नव्हता.

इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं. पुढे जाताना ते एका बाजूला कलतं, रिव्हर्समध्ये विरुद्ध बाजूला. त्या बाजूला ते जाऊन कशाला तरी टेकत होतं, किंवा काहीतरी ओढत होतं.

[दृश्य: चाकांना लाकडी ठोकळे. हँडब्रेक वर. पुढे-मागे कुणी नाही. मीटर पुढच्या काचेवर.]

काकांनी कपलरच्या मागच्या बाजूने बारीक सुई आत सरकवली. वायरला भोक पाडलं नाही. त्या भोकातून पुढे ओल शिरते आणि आपणच उद्याचा दोष पेरून ठेवतो. लांब वायरींनी मीटर काचेवर आणला आणि सगळ्यांत कमी आकडा धरून ठेवणारं बटण दाबलं. मी स्टिअरिंगवर, पाय ब्रेकवर. पहिला गिअर, क्लच किंचित सोडला. ५.०१. हलला नाही. मग रिव्हर्स. क्लच सुटू लागला, इंजिन मागे कललं, आणि मीटरवर ०.३. त्याच क्षणी समोर पिवळा दिवा.

इतके महिने ज्याचा ताप झाला तो दिवा पेटलेला पाहून मला इतका आनंद होईल असं कधी वाटलं नव्हतं.

तिन्ही सेन्सरचे कपलर काढून तोच प्रयोग पुन्हा केला. आकडा तसाच कोसळला. म्हणजे सेन्सर तिन्ही निर्दोष, बदललेले दोन्हीही. दोष वायरमध्ये. इंजिन बंद करून, किल्ली ऑन ठेवून काकांनी इंजिन आणि रेडिएटर यांच्या मधून जाणारं वायरिंग बोटांनी चाचपायला सुरुवात केली. फॅनपासून हात लांब ठेवून, कारण किल्ली ऑन असली की तो न सांगता फिरू शकतो. वीतभर पुढे गेले, थांबले, वायरिंग जरासं ओढलं. मीटर खाली. सोडलं. मीटर वर.

[दृश्य: अगदी जवळून. पत्र्याची कड, घासून चकाकलेली. तिच्यासमोर राखाडी वायर.]

राखाडी आवरणावर टाचणीच्या डोक्याएवढं भोक. आत तांब्याचा एक लालसर ठिपका. समोर ब्रॅकेटची कड, तेवढ्याच जागी घासून चांदीसारखी झालेली. आणि बोटभर अंतरावर एक प्लास्टिकची क्लिप, अर्धी तुटलेली. वायरिंगला पत्र्यापासून दूर धरायचं काम तिचं होतं. कधीतरी रेडिएटर काढताना ती मोडली असावी. काकांनी आवरण नीट केलं, कापडी टेप गुंडाळली, वरून नळी चढवली, आणि मग नवी क्लिप बसवली. टेप नुसती लावून सोडली असती तर वर्षभरात तीही घासली गेली असती.

पुन्हा रिव्हर्स, पुन्हा क्लच. एकदा, दहादा. मीटरने धरून ठेवलेला सगळ्यांत कमी आकडा: ४.९९.

कोड काकांनी पुसला नाही. "त्याचं त्याला ठरवू द्या," म्हणाले. घरी येताना दिवा पेटलेलाच होता आणि मी निवांत होतो. पुढचे दिवस रोज मुद्दाम दोन-तीनदा रिव्हर्स घेतला.

[दृश्य: सकाळ. किल्ली फिरते. सगळे दिवे पेटतात. इंजिन लागतं. एकेक विझत जातो. पिवळाही.]

वहीतली शेवटची नोंद: इंजिन गार, पाऊस, रिव्हर्स. दिवा नाही.