ट्रायग्लिसराइडची गोळी आणि रुग्णांच्या तक्रारी

श्रोतेहो, नमस्कार. रिपोर्टमध्ये ट्रायग्लिसराइडच्या, म्हणजे रक्तातल्या एका प्रकारच्या चरबीच्या, आकड्यापुढे बाण दिसला, की बीड असो की हिंगोली, माणूस विचारतोच, "मला तर काही त्रास नाही, मग गोळी कशाला?" प्रश्न रास्त आहे. हा आकडा वाढला तरी बहुतेकांना काही जाणवत नाही. म्हणूनच महिनाभरात गोळी सुटते.

आधी आकडे बघू. उपाशीपोटी 150 (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) च्या आत असेल तर ठीक. 200 ते 499 मध्ये डॉक्टर बहुधा स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, देतात, कारण तिथं खरी काळजी हृदयाची असते. 500 च्या पुढे स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती असते, हजारावर ती बरीच वाढते. मग फेनोफायब्रेट, म्हणजे ट्रायग्लिसराइड उतरवणारं औषध, येतं. शेजाऱ्याची गोळी वेगळी आणि आपली वेगळी, ती यामुळंच.

फेनोफायब्रेटची 160 किंवा 200 मिलिग्रॅमची गोळी जेवणासोबत घ्यायची. रिकाम्या पोटी ती नीट शोषली जात नाही आणि मग "गोळीनं काही फरक पडला नाही" अशी तक्रार येते. 145 ची नवी गोळी जेवणाआधी किंवा नंतर, कधीही चालते. स्ट्रिपवरचा आकडा वाचा. औषधाचा परिणाम 4 ते 8 आठवड्यांनी तपासायचा असतो, आठवड्यात नाही.

सगळ्यात जास्त ऐकू येते ती अंगदुखी. दिवसभर कापूस वेचला किंवा ऊस तोडला तर पोटऱ्या दुखणारच, त्याचा दोष गोळीवर टाकू नये. पण काम नसतानाही दोन्ही मांड्या, दंड दुखतात, जिना चढवत नाही, लघवी काळ्या चहासारखी होते, तेव्हा गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. स्नायूंची झीज होत असेल तर त्याचा मार मूत्रपिंडावर बसतो. फेनोफायब्रेटच्याच गटातलं जेमफायब्रोझिल आणि स्टॅटिन एकत्र घेतल्यास हा धोका जास्त, म्हणून ती जोडी टाळतात. फेनोफायब्रेटनं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) थोडं वाढू शकतं, पण किती वाढलं हे डॉक्टरांनी बघायला हवं. मूत्रपिंडाचा जुना आजार असेल किंवा पित्ताशयात खडे असतील, तर ते आधीच सांगा. रक्त पातळ करणारी वॉरफेरिन चालू असेल तर तेही.

दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्यांचं दुखणं वेगळं. गावात महिन्याची गोळी मिळते, फडावर मिळत नाही. निघायच्या आधी मुकादमाकडून उचल घेता, तशी डॉक्टरांकडून दोन-तीन महिन्यांच्या गोळ्यांची चिठ्ठी लिहून घ्या आणि रिपोर्टचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा.

तपासणीआधी 10 ते 12 तास फक्त पाणी. चतुर्थीचा उपवास म्हणून साबुदाण्याची खिचडी खाऊन लॅबमध्ये गेलात तर आकडा फुगेल. आदल्या रात्री लग्नाची पंगत किंवा दारू झाली असेल तर तपासणी पुढं ढकला.

माशाच्या तेलाबद्दल फार विचारतात. दुकानातल्या साध्या 1000 मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये कामाचं ओमेगा-3 बहुधा 300 मिलिग्रॅमच असतं. उपचाराची मात्रा मात्र दिवसाला 2 ते 4 ग्रॅम. म्हणजे एका कॅप्सूलनं माशाच्या वासाचे ढेकर येतील, आकडा हलणार नाही. आणि मोठ्या मात्रेनं हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात, तेव्हा स्वतःच्या मनानं घेऊ नका.

गोळी चालू असूनही आकडा हटत नसेल, तर मधुमेह आटोक्यात आहे का, थायरॉइड तपासलंय का, हे आधी बघा. दिवसात सहा कप चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे साठेक ग्रॅम साखर चहातूनच जाते. गूळ घातला तरी हिशेब तोच.

आणि आकडा हजारावर असलेल्या माणसाच्या बेंबीच्या वर जोराची कळ येऊन ती पाठीत जायला लागली, उलट्या होत असल्या, तर ॲसिडिटी समजून सोडा पाजू नका. काही खाऊ-पिऊ न देता मोठ्या दवाखान्यात न्या आणि जुना रिपोर्ट सोबत ठेवा.