शिरीन: गोड नावाची हट्टी राणी

मंडळी, आज एकाच नावाबद्दल बोलायचं आहे: शिरीन. मुंबईत ज्यांना पारशी किंवा इराणी शेजार लाभला, त्यांना एखाद्या तरी शिरीनबाई आठवतील.

अर्थ सोपा आहे. फारसीत शिरीन म्हणजे गोड. मुळाशी ‘शीर’, म्हणजे दूध. आपल्या ‘क्षीर’चं भावंड. दर्ग्यात वाटली जाते ती शिरणीही याच घराण्यातली. पण गोड अर्थाची नावं कुठल्या भाषेत नसतात? हे नाव इतकं पसरलं ते अर्थामुळे नाही, एका बाईमुळे, असं माझं म्हणणं आहे.

ही बाई खरीखुरी होऊन गेली. इराणचा सासानी बादशहा खुस्रो दुसरा याने इ.स. 590 ते 628 राज्य केलं. तो जरथुस्त्री, म्हणजे आपल्या पारशांच्या धर्माचा, आणि त्याची लाडकी राणी शिरीन ख्रिस्ती. तिला मूल व्हावं म्हणून या बादशहाने सर्जियस नावाच्या ख्रिस्ती संताला साकडं घातलं होतं; ते पत्र बायझंटाईन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्यातल्या, इतिहासकारांनी नोंदवून ठेवलंय. म्हणजे नवस बोलताना धर्म आडवा आला नाही! इराकच्या सीमेजवळ कस्र-ए-शिरीन, म्हणजे शिरीनचा महाल, नावाचं गाव आजही आहे.

पुढे फिरदौसीच्या ‘शाहनामा’त, इराणी राजांच्या त्या फारसी महाकाव्यात, ती आली. पण तिला घरोघरी नेलं ते निजामी गंजवी या फारसी कवीने, बाराव्या शतकात. त्याची शिरीन आर्मेनियाची राजकन्या. खुस्रोचं नुसतं चित्र बघून ती त्याच्यावर भाळते, घोड्यावर बसून एकटी निघते. इथपर्यंत नेहमीचीच प्रेमकथा. खरी गंमत पुढे आहे. बादशहा दाराशी येतो, आर्जवं करतो, आणि ही त्याला बाहेर उभा ठेवते. रीतसर लग्न कर, मग बोलू. बादशहा झाला म्हणून काय झालं? तिकडे तिच्यावर जीव जडलेला शिल्पकार फरहाद तिच्यापायी बेसुतूनचा डोंगर फोडत बसतो आणि तिच्या मरणाची खोटी बातमी ऐकून जीव देतो. आपल्याकडे शिरीन-फरहाद ही जोडीच तोंडात बसलीय. लग्न झालं ते खुस्रोशी, हे पुष्कळांना ऐकून नवल वाटतं.

ख्रिस्ती राणी, जरथुस्त्री नवरा, गोष्ट सांगणारा मुसलमान कवी. त्यामुळे हे नाव कुणा एका धर्माच्या मालकीचं झालंच नाही. इराणी मुसलमान, कुर्द, पारशी, बहाई (एकोणिसाव्या शतकात इराणात निघालेल्या धर्माचे लोक), सगळ्यांत शिरीन सापडतात. तुर्कस्तानात मात्र ‘शिरिन’ म्हणजे गोंडस, लोभस. कार्टूनमधल्या त्या निळ्या बुटक्या स्मर्फना तिथे ‘शिरिनलेर’ म्हणतात. निजामीने कपाळाला हात लावला असता.

अलीकडच्या काळातल्या दोघींची नावं घेतो. शिरीन एबादी इराणमध्ये न्यायाधीश होत्या. 1979च्या क्रांतीनंतर, बाई न्यायनिवाडा करू शकत नाही म्हणून त्यांना त्या पदावरून उतरवलं. त्यांनी पुढे वकिली केली, आणि 2003 साली त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. दुसऱ्या शिरीन फोजदार. मुंबईत 1905 साली इराणी बहाई कुटुंबात जन्मल्या, सिंगापूरला गेल्या आणि बहुपत्नीत्वाविरुद्ध वर्षानुवर्षं भांडल्या. 1961 साली तिथे महिला सनदेचा कायदा झाला आणि मुसलमानेतर पुरुषांना दुसरी बायको करायची बंदी आली.