ती बेरीज अशीच का येते?

मनातल्या मनात विषम संख्यांची बेरीज करत चला. एक. एक आणि तीन, चार. त्यात पाच मिळवले, नऊ. सात मिळवले, सोळा. मग नऊ, की पंचवीस. चार, नऊ, सोळा, पंचवीस, सगळे वर्गच! पुढच्या रांगेत दोघातिघांना हसू आलेलं मला दिसतंय. पण थांबा, इथवर फक्त नवल वाटलं. खरी मजा पुढे आहे.

फळ्यावर हा एक ठिपका काढला. त्याच्या उजवीकडे एक, खाली एक आणि कोपऱ्यात एक, असे आणखी तीन. दोन बाय दोनचा चौरस झाला. आता त्याला तशीच काटकोनी किनार लावू: दोन उजवीकडे, दोन खाली, एक कोपऱ्यात. किती लागले? पाच. पुढच्या किनारीला सात, कारण तिचे दोन्ही हात एकेका ठिपक्यानं लांबले. म्हणजे आपण मघापासून बेरीज करतच नव्हतो, चौरसाला किनारी लावत होतो! पहिल्या शंभर विषम संख्यांची बेरीज आता करून बघायलाही नको. शंभर बाय शंभरचा चौरस होणार, म्हणून ती 10,000च येणार, दुसरं काही येऊच शकत नाही.

या ‘येऊच शकत नाही’वर माझा फार जीव आहे. गाण्यात सम अचूक गाठली जाते तेव्हा मान आपोआप डोलते ना, तसं काहीसं आत होतं. ज्यांना हे सूत्र नुसतं पाठ करायला लावलं आणि किनार कधी दाखवलीच नाही, त्यांना गणित रुक्ष वाटलं तर मी त्यांना अजिबात बोल लावणार नाही.

उत्तर बरोबर असणं वेगळं आणि मनाचं समाधान होणं वेगळं. कोणताही सपाट नकाशा चार रंगांत रंगवता येतो, शेजारच्या दोन प्रदेशांना एकच रंग न देता. हे 1976 साली केनेथ ॲपल आणि वोल्फगांग हाकेन या गणितींनी सिद्ध केलं. हजाराहून जास्त आकृत्या संगणकाकडून तपासून घेतल्या. सिद्धता पक्की आहे, मला तिच्याबद्दल शंका नाही. तरी अनेक गणितींना चुटपुट लागून राहिली. चारच का, हे एका नजरेत दिसेल असं तिच्यात काही नाही. ती चुटपुट मला अगदी मोलाची वाटते. सत्य हाती आल्यावरही माणूस आणखी काहीतरी मागतो, ते हेच.

गणिती अँड्र्यू वाइल्स यांनी फर्माच्या शेवटच्या प्रमेयावर सात वर्षं जवळपास गुपचूप काम केलं. दोन धन पूर्ण संख्यांच्या घनांची बेरीज कधीच तिसऱ्या अशा संख्येचा घन होत नाही, चौथ्या घातांचं तसंच, त्यापुढच्या प्रत्येक घाताचंही तसंच, असं ते प्रमेय सांगतं. 1993 साली सिद्धता जाहीर केली आणि काही महिन्यांतच तिच्यात खोट निघाली. पुढचं वर्ष कसं गेलं असेल! 19 सप्टेंबर 1994च्या सकाळी, आपली वाट नेमकी कुठे अडते आहे एवढं तरी कळावं म्हणून ते बसले होते. आणि पूर्वी सोडून दिलेली एक पद्धत त्या अडलेल्या जागी चपखल बसते, हे अचानक त्यांना दिसलं. ही आठवण सांगताना पुढे त्यांचा कंठ दाटून आला. त्या दिवशी ते विभागात नुसते फिरत होते, आणि पुन्हा पुन्हा टेबलापाशी येऊन बघत होते, सापडलेलं उत्तर अजून तिथेच आहे ना.