ही यादी आणखी कुणाच्या हातात आहे?

मघाशी हात वर झाले त्यावरून दिसतंय, इथले निम्म्याहून जास्त जण पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकताहेत. म्हणून उदाहरणं तिथलीच घेतो, आणि पहिलं उदाहरण माझ्या फजितीचं.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका क्लासला निकालपत्रकं छापायचा प्रोग्रॅम करून दिला होता. आत दोन लिस्ट. एकीत हजेरीपटाच्या क्रमानं मुलांची नावं, दुसरीत त्याच क्रमानं गुण. पहिल्या नावाचे गुण पहिल्या जागी, दुसऱ्याचे दुसऱ्या. नावं आणि गुण असे वेगवेगळे ठेवणं हाच मुळात गाढवपणा, पण तो पुन्हा कधीतरी. काही दिवसांनी त्यांनी सांगितलं, प्रत्येक विषयातले पहिले दहा गुण फळ्यावर लावायचेत. मी तीन ओळींचं फंक्शन लिहिलं. गुणांची लिस्ट घ्या, उतरत्या क्रमानं लावा, वरचे दहा परत द्या.

आठवड्याभरात तिथल्या कारकूनबाईंचा फोन. "सर, यंदा हजेरीत ज्याचं नाव पहिलं, तोच सगळ्या विषयांत पहिला आलाय. आणि हजेरीत शेवटी जो आहे, त्याचे आईवडील समोर बसलेत."

मी माझ्याकडे चालवून पाहिलं तर निकालपत्रकं चोख. त्यांच्याकडे चालवलं की चूक. दोन दिवस मी प्रिंटरला, त्यांच्या कॉम्प्युटरला आणि मनातल्या मनात त्या बाईंनाही दोष देत होतो. मग लक्षात आलं की मी नुसती निकालपत्रकं छापून बघतोय. त्या आधी फळ्याची यादी काढायच्या, मग निकालपत्रकं. माझ्या फंक्शननं मूळ लिस्टच उलटीपालटी केली होती. नावं जागच्या जागी राहिली आणि गुण मोठ्याकडून लहानाकडे ओळीनं उभे राहिले.

पायथनमध्ये लिस्टची सॉर्ट ही मेथड त्याच लिस्टचा क्रम बदलते. सॉर्टेड हे फंक्शन मूळ लिस्टला हात न लावता नवी लिस्ट देतं. सॉर्ट मुद्दाम काहीच परत देत नाही, नन (None, म्हणजे 'काही नाही') देते, मूळ बदललं आहे याची आपल्याला आठवण राहावी म्हणून. जावास्क्रिप्टमध्ये लिस्टला अ‍ॅरे म्हणतात. तिथली सॉर्ट मात्र मूळ बदलते आणि वर तोच अ‍ॅरे हातात परत ठेवते, त्यामुळे नवा मिळाला असं वाटत राहतं. मूळ तसंच ठेवणारी टू-सॉर्टेड त्या भाषेच्या प्रमाणात यायला २०२३ उजाडलं. या बाबतीत मी पायथनच्या बाजूचा.

आता याच्या मुळाशी जाऊ. आपल्याला शिकवतात की व्हेरिएबल म्हणजे डबा. पायथनपुरतं ते विसरा. व्हेरिएबल म्हणजे नाव. "ब = अ" लिहिलं की लिस्ट दोन होत नाहीत, एकाच लिस्टला दोन नावं पडतात. घरी ज्याला बंड्या म्हणतात त्याचं शाळेच्या पटावर नाव वेगळं असतं. आईनं बंड्याचे केस कापून आणले, तर सोमवारी वर्गात पटावरचा मुलगा केस वाढलेला येईल का? फंक्शनला लिस्ट पाठवता तेव्हाही हेच होतं. फंक्शनच्या आत तिला फक्त आणखी एक नाव मिळतं.

फुलीगोळ्याचा पट करून बघा. तीन रिकाम्या घरांची एक ओळ केली आणि ती एका लिस्टमध्ये घालून त्या लिस्टला तीननं गुणलं. स्क्रीनवर तीन ओळी सुबक दिसतात. मधल्या ओळीच्या पहिल्या घरात फुली मारा, तिन्ही ओळींत फुली उमटते आणि पहिल्याच चालीत उभी रांग जिंकून खेळ खलास. ओळ एकच होती, ती तीनदा दिसत होती. बरं, पट नीट वेगवेगळ्या ओळींचा केला आणि त्याची साधी कॉपी घेतली, तरी सुटका नाही. बाहेरची लिस्ट नवी होते, आतल्या ओळी जुन्याच राहतात. आतपर्यंत सगळं वेगळं हवं असेल तर डीपकॉपी. आणि लिस्टचा तुकडा काढला तर कॉपी मिळते, पण नमपाय या पायथनच्या आकडेमोडीच्या लायब्ररीतल्या अ‍ॅरेचा तसाच, त्याच चौकटी कंसांनी तुकडा काढला तर मूळ डेटाकडे उघडणारी खिडकी मिळते. तुकड्यात बदल केला की मूळ बदलतं. खूण सारखी आणि अर्थ उलटा, याचा मला आजही राग येतो.

मग सरळ प्रत्येक वेळी कॉपी काढावी का? काढता येईल, पण मेमरी आणि वेळ फुकट येत नाहीत. लिनक्समध्ये एक प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम, फोर्क करून तिची जुळी प्रोसेस काढली, तर सगळी मेमरी लगेच कॉपी होत नाही. दोघंही मेमरीची तीच पानं, म्हणजे ठरावीक मापाचे तुकडे, वाचतात. कुणी एखाद्या पानावर लिहायला गेलं की तेवढंच पान, बहुधा ४ केबीचं, कॉपी होतं. रेडिस हा डेटाबेस डिस्कवर स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाच्या डेटाची प्रत, घेतो तो याच युक्तीवर. फोर्कमधून निघालेली प्रोसेस निवांत जुनं चित्र लिहून काढते आणि मूळ प्रोसेस तिकडे नव्या नोंदी घेत राहते.

पण इथेही पायथन पाय ओढतो. आपल्याकडे किती जण बोट दाखवताहेत याचा आकडा प्रत्येक वस्तू स्वतःच्या अंगावर बाळगते. तुम्ही वस्तू नुसती वाचलीत तरी तो आकडा बदलतो, म्हणजे वाचणं हेही लिहिणं झालं आणि सामाईक पान फाटलं. शिवाय कचरा गोळा करणारा गार्बेज कलेक्टर फेरी मारताना या वस्तूंना हात लावतो तो वेगळाच. २०१७ मध्ये इन्स्टाग्रामच्या इंजिनिअरांनी आपल्या सर्व्हरवर तो कलेक्टर बंद करून टाकल्याचं जाहीर केलं. सामाईक मेमरी सामाईक राहीना, हे त्यामागचं कारण.

बदलायचंही आहे आणि जुनंही राखायचं आहे, असा पेच आपल्या तलाठी कार्यालयाला नवा नाही. जागच्या जागी केलेल्या बदलाला प्रोग्रॅमिंगमध्ये म्युटेशन म्हणतात, आणि जमिनीच्या व्यवहारात इंग्रजीतून ज्याला म्युटेशन म्हणतात तो आपला फेरफार. वडील गेले, मुलांची नावं लागली, तर सातबाऱ्यावर वडिलांचं नाव खोडरबरनं पुसत नाहीत. नावाला कंस करतात, शेजारी फेरफार क्रमांक येतो, आणि का व कधी याची नोंद गाव नमुना ६ मध्ये सापडते. तुमच्या हातात येतो तो उतारा. त्यावर पेनानं काहीही गिरवा, दप्तर ढिम्म हलत नाही.

क्लोजर ही भाषा रिच हिकी यांनी २००७ मध्ये आणली. तिच्यातला व्हेक्टर, म्हणजे आपल्या लिस्टसारखाच प्रकार, एकदा झाला की बदलत नाही. बदल मागितला की नवा व्हेक्टर मिळतो, जुना होता तसाच राहतो. हे परवडतं कसं? आतली मांडणी झाडासारखी आहे, प्रत्येक गाठीला ३२ फाटे. ३२ चा चौथा घात १०,४८,५७६, म्हणजे दहा लाख वस्तू चार पायऱ्यांत मावतात. एक वस्तू बदलायची तर मुळापासून तिच्यापर्यंतच्या वाटेवरच्या चार गाठी नव्यानं करायच्या, म्हणजे १२८ खण. उरलेलं झाड जुन्या-नव्या दोघांचं सामाईक.

रस्ट भाषेनं दुसरी वाट धरली. तिची १.० आवृत्ती २०१५ ची. तिथला कंपायलर, म्हणजे आपला कोड तपासून त्याचा प्रोग्रॅम तयार करणारा, एकच हट्ट धरतो. वाचणारे कितीही चालतील, पण कुणी लिहिणारा असेल तर त्या वेळी तो एकटाच हवा. नाहीतर प्रोग्रॅम तयारच होऊ देत नाही. सुरुवातीला फार छळतो हा कंपायलर. माझा तो क्लासचा प्रोग्रॅम मात्र त्यानं चालू दिला असता, कारण तिथे लिहिणारा मी एकटाच होतो. फक्त फंक्शनच्या कपाळावर "मी हे बदलणार आहे" असं लिहायला लावलं असतं, आणि ते लिहिताना मी थबकलो असतो.

मी स्वतः काय करतो ते सांगतो. फंक्शनच्या आत मीच लिस्ट तयार केली, ती अजून कुणाच्या हातात दिलेली नाही, तर मी तिच्यात बेलाशक भर घालतो, सॉर्ट करतो, काय वाटेल ते करतो. बदलणं हा काही गुन्हा नाही. बाहेरून आलेली लिस्ट असेल तर तिला हात लावत नाही, आणि लावायचाच असेल तर फंक्शनच्या नावातच तसं सांगतो.

मागून प्रश्न आलाय की त्या क्लासच्या प्रोग्रॅममध्ये शेवटी डीपकॉपी घातली का. नाही हो. गुण म्हणजे साधे आकडे, आकड्यात फेरफार होत नाही, तेव्हा डीपकॉपीची गरजच नव्हती. सॉर्टच्या जागी सॉर्टेड केलं, एका ओळीचं काम. निकालपत्रकं मात्र सगळी पुन्हा छापावी लागली. हजेरीतल्या पहिल्या मुलाला गणितात खरे गुण होते ४१, आणि त्याच्या घरच्यांचे पेढे वाटून झाले होते.