विहीर, हंडा, पेला
(लघुमाहितीपटाचं निवेदन)

[दृश्य : खिडकीच्या कट्ट्यावर तीन छोट्या बाटल्या. मागून सकाळचं ऊन. कॅमेरा हलत नाही.]

या तिन्ही बाटल्यांत एकाच विहिरीचं पाणी आहे. काल सकाळी तासाभरात भरल्या. पहिलीवर चिकटपट्टी लावून बॉलपेननं लिहिलंय, 'विहीर'. दुसरीवर 'हंडा'. तिसरीवर 'पेला'.

पहिली अजून पिवळसर आहे. दुसरी तळाकडून काळवंडायला लागलीय. तिसरी पार काळी.

तो पेला दीड वर्षाच्या मुलीचा आहे.

[दृश्य : ड्रोन. मोठा जलाशय, मग उजाड डोंगरउतार, मग पाडा. शीर्षक.]

मोखाडा, जिल्हा पालघर. इथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि एप्रिल उजाडला की लोक टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसतात. सुरुवातीला दिसलं ते मध्य वैतरणा धरण, कोचाळ्याजवळचं. २०१४ साली पूर्ण झालं. पाणी मुंबईला जातं. तो विषय या फिल्मपेक्षा मोठा आहे, त्यामुळे ड्रोन इथेच खाली उतरवतो.

पाड्याचं नाव सांगत नाही. बायकांची अटच होती. "बाटल्या काळ्या झाल्या, तर उद्या आमच्या पोरींच्या सोयरिकीत कुणी ते काढायला नको."

[दृश्य : पहाट. उतारावरून खाली जाणाऱ्या बायका. चुंबळ वळणारे हात. विहिरीत पडणाऱ्या पोहऱ्याचा आवाज. अर्धा मिनिट निवेदन नाही.]

[दृश्य : विहिरीच्या काठावर बादली, पांढरी पावडर, काठी.]

हे गावचे जलसुरक्षक. बादलीत आहे टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. ताज्या पावडरीत ३३ टक्के क्लोरीन असतो, आणि अशा पावडरीचं माप हजार लिटरला अडीच ग्रॅम. पोतं उघडं राहिलं, ओल लागली, की क्लोरीन उडून जातो आणि खाली उरतो नुसता चुना. हे त्यांना पक्कं माहीत आहे, म्हणून पिशवीचं तोंड बघा कसं सुतळीनं आवळून बांधलंय. पावडर बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी विहिरीत सोडायचं. तासाभरानं ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे का ते बघायची चाचणी. नळीतल्या पाण्यात ओटीच्या द्रावणाचे दोन थेंब टाकले आणि पाणी पिवळं झालं, म्हणजे क्लोरीन पोचला.

विहिरीची काळजी घ्यायची पद्धत महाराष्ट्रात चांगली बसली आहे. पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा पाण्याच्या सगळ्या स्रोतांची पाहणी होते आणि ग्रामपंचायतीला कार्ड मिळतं : लाल, पिवळं किंवा हिरवं. इथल्या कार्यालयात दारामागच्या भिंतीवर आहे ते हिरवं.

पण कार्ड विहिरीला मिळतं. हंड्याला कार्ड नसतं.

[दृश्य : अंगणवाडीचा ओटा. पाच बायका, मध्ये निळी पेटी.]

जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालं. घरात नळ आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी, हे त्यातलं सगळ्यांना ठाऊक असलेलं कलम. दुसरं एक कलम कुणाच्या फारसं लक्षात राहत नाही : प्रत्येक गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायला शिकवायचं. इथल्या पाच जणींनी रीतीप्रमाणे विहीर तपासली, शाळेची टाकी तपासली, वहीत लिहिलं. मग पेटीत बाटल्या उरल्या. त्यांतली एक म्हणाली, "उरल्यातच तर घरचं पाणी बघू."

संशोधन म्हणतात ते इथे असं सुरू झालं. प्रस्ताव नाही, निधी नाही, दोनशे पानी वही आणि लाल-निळं पेन. एकाच दिवशी, एकाच घरचं, तीन ठिकाणांहून घेतलेलं पाणी. विहिरीतून आत्ताच शेंदलेलं, घरच्या हंड्यातलं आणि मूल पितं त्या भांड्यातलं. हा क्रम त्यांना कुणी शिकवला नव्हता. पाणी स्रोतापाशी चांगलं असतं आणि घरी येईपर्यंत बिघडतं, हे देशोदेशीच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. २००४ साली अशा बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावाही निघाला. तो या ओट्यापर्यंत पोचायचं काही कारण नव्हतं.

[दृश्य : अगदी जवळून, रिकामी बाटली. आत कागदाची तपकिरी पट्टी.]

ही बाटली जरा नीट बघा. तिची गोष्ट ग्वाल्हेरची आहे.

पाण्यातले जिवाणू तपासायचे तर पूर्वी नमुना बर्फात घालून चोवीस तासांच्या आत प्रयोगशाळेत न्यावा लागे. तिथे ऊबपेटी हवी, वीज हवी, शिकलेला माणूस हवा. मोखाड्यातून हे करायचं म्हणजे आधी गाडी शोधा, मग बर्फ शोधा. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतल्या मंजा, मौर्य आणि राव या तिघांनी प्रयोगशाळाच कागदावर वाळवून टाकली. जिवाणूंचं खाद्य, थायोसल्फेट आणि लोहाचा एक क्षार यांच्या द्रावणात कागद भिजवायचा, वाळवायचा, निर्जंतुक बाटलीत घालून ठेवायचा. १९८२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात त्यांचा लेख आला. पुढे ही चाचणी जगभर गेली. आपल्याकडे तिला अजून 'एचटूएसची बाटली' यापलीकडे नाव नाही, आणि ज्यांनी ती केली त्यांची नावं पेटीवर कुठेच नसतात. म्हणून इथे घेतली.

चालते कशी? खुणेपर्यंत पाणी भरायचं. विष्ठेबरोबर येणारे बरेच जिवाणू हायड्रोजन सल्फाइड, म्हणजेच एचटूएस, सोडतात. कुजलेल्या अंड्याला येतो तो वास याचाच. हा वायू कागदातल्या लोहाला भिडला की काळा आयर्न सल्फाइड तयार होतो. तीस ते सदतीस अंशांची ऊब लागते. मे महिन्यात मोखाड्यात ती फुकट आहे. थंडीत या पाच जणी बाटल्या फडक्यात गुंडाळून चुलीच्या मागच्या कोनाड्यात ठेवतात. एकीनं तर रात्रभर कमरेला खोचून ठेवली होती. ते चित्रीकरणात नाही.

चाचणीच्या मर्यादा आहेत. कुठला जिवाणू ते ती सांगत नाही. बाटली पिवळी राहिली म्हणजे पाणी निर्धोक, असंही नाही. पण आईला जिवाणूचं नाव नको असतं. काळं झालं की नाही, एवढंच तिला बघायचं असतं.

[दृश्य : स्वयंपाकघर. चुलीशेजारी मातीचा ओटा, त्यावर हंडे. तोंडाला साडीचा तुकडा बांधलेला.]

आता दुसऱ्या बाटलीचं घर.

हंड्याच्या तोंडाला कापड आहे. जुनी साडी, चार पदरी. हिला कमी लेखू नका. बांगलादेशात मतलब भागात रिटा कोलवेल आणि सहकाऱ्यांनी ६५ खेड्यांत बायकांना जुन्या साडीची घडी घालून पाणी गाळायला लावलं होतं. कॉलरा जवळपास निम्म्यावर आला, ४८ टक्के कमी. कॉलऱ्याचे जिवाणू पाण्यातल्या बारीक जीवांना चिकटून राहतात आणि ते जीव साडीत अडकतात, म्हणून हे जमलं. सुटा जिवाणू मात्र साडीतून सरळ पार होतो.

[दृश्य : माळ्यावरचा तांब्याचा हंडा. धूळ.]

आणि हा वरचा. लग्नातला. बंगळुरूत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जुलाबाचे जिवाणू मुद्दाम मिसळलेलं पाणी तांब्याच्या भांड्यात सोळा तास ठेवलं. नंतर शोधूनही त्यात जिवंत जिवाणू सापडले नाहीत. आपल्या आज्यांना हे आधीच ठाऊक होतं, असं म्हणायचा मोह मलाही झाला. मग या घरच्या आजींना विचारलं, हंडा माळ्यावर का?

"रिकामाच केवढा जड. भरून चढ चढून बघ की तू."

प्लॅस्टिकचा हंडा हलका, म्हणून एका खेपेत दोन येतात. शिवाय सात माणसांच्या घरात पाणी सोळा तास शिळं राहणार कधी? सकाळी भरलेलं दुपारी संपतं.

[दृश्य : हंड्याचं तोंड, वरून. एक हात तांब्या घेऊन आत जातो. बोटं पाण्यात बुडतात. संथ गती. पुन्हा दुसरा हात. पुन्हा लहान हात.]

हे दृश्य आम्ही एकाच सकाळी टिपलं. कॅमेरा हंड्याच्या वर बांधला आणि बाजूला झालो. भाजी निवडून आलेला हात. शेळीला पाला टाकून आलेला. खेळून आलेला. बाळाला धुवून आलेला.

[पुढची वीस सेकंदं निवेदन नाही.]

[दृश्य : अंगणवाडी. उंची मोजायची पाटी जमिनीवर. रडणारं मूल.]

दोन वर्षांखालच्या मुलाची उंची निजवून मोजतात, मोठ्याची उभं करून. एकच मूल निजवून मोजलं तर उभ्यापेक्षा सुमारे सात मिलिमीटर जास्त भरतं, म्हणून सरमिसळ चालत नाही. दोघी लागतात. एकीनं डोकं पाटीला टेकवून धरायचं, दुसरीनं गुडघे अलगद दाबून पावलाशी फळी सरकवायची. मूल ओरडतं, आई हसते, सेविका आकडा मोठ्यानं म्हणते आणि लिहिणारी तो परत म्हणून दाखवते. इथे घाई केली की कागदावरचं मूल सेंटिमीटरभर वाढतं.

मग दंडाची पट्टी. डावा दंड, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला तर लाल, म्हणजे सॅम, तीव्र कुपोषण. साडेअकरा ते साडेबारा पिवळा, म्हणजे मॅम, मध्यम कुपोषण. हे शब्द आता पाड्यात सगळ्यांच्या तोंडी आहेत. "तिची मोठी सॅममध्ये होती, धाकटा मॅममध्ये आहे."

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी निघाली. शेजारच्या जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी १९९२ साली राज्य हादरलं होतं. त्यानंतर योजना आल्या, अमृत आहार आला, आठवड्यातून चार दिवस अंडी आली.

[दृश्य : उकडलेलं अंडं सोलणारे छोटे हात.]

अंडं पोटात जातं. पुढे त्याचं काय होतं, हा प्रश्न पाण्याचा आहे. आतड्याचं आतलं अस्तर मखमलीसारखं असतं, बारीक लव असलेलं. अन्न तिथूनच शोषलं जातं. घाण पाण्यातून, घाण हातांतून रोज थोडे थोडे जिवाणू जात राहिले तर ही लव झिजून बसते, आतडं सतत धुमसत राहतं. जुलाब दिसतीलच असं नाही. मूल खातं आणि अंगी लागत नाही. जीन हम्फ्री यांनी २००९ साली ही मांडणी ठळकपणे पुढे आणली.

नंतर झिम्बाब्वे, केनिया आणि बांगलादेशात मोठ्या चाचण्या झाल्या. झिम्बाब्वेतल्या चाचणीत हम्फ्री स्वतः होत्या. पाणी, शौचालय आणि साबण एवढ्यानं मुलांची उंची कुठेच वाढली नाही. आहार दिला तिथे थोडी वाढली. बांगलादेशात जुलाब मात्र कमी झाले. आम्ही या पाच जणींना हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"म्हणजे पाणी पण पायजे आन् अंडं पण," एक म्हणाली, आणि पेटी बंद करायला उठली.

[दृश्य : बाजार. भांड्यांचं दुकान. लांब दांड्याची वगराळी टांगलेली.]

वहीची शेवटची पानं घराघरांत वाचून दाखवली गेली, तेव्हा भाषण कुणी केलं नाही. बाटल्याच ओट्यावर मांडल्या होत्या. त्यानंतरच्या आठवडी बाजारात वगराळी संपली. लांब दांडा, बोटं पाण्याबाहेर. काही घरांनी तोटीचा पिंप घेतला. काहींनी काहीच घेतलं नाही. दोन महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली तेव्हा हंड्याच्या बाटल्या बऱ्याच पिवळ्या राहिल्या. पेल्याच्या नाही.

[दृश्य : दीड वर्षाची ती मुलगी. पेला हातात, अंगणात. पेला खाली पडतो, कोंबडी चोच मारते, मुलगी उचलून पुन्हा तोंडाला लावते.]

[आवाज तसाच राहू द्यावा.]

[दृश्य : रात्र. गाडीत मागच्या सीटवर ट्रायपॉड.]

शेवटच्या दिवशी अंगणवाडीतल्या पिंपाची बाटली भरली होती. अठ्ठेचाळीस तास थांबायचं होतं. आम्हाला थांबता आलं नाही. निघताना पिवळीच होती. सेविकाताई म्हणाल्या, फोटो पाठवते. पाड्यावर रेंज येत नाही. टेकाडावरच्या वळणापर्यंत चालत जावं लागतं. फोटो तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आला.

[तो फोटो पडद्यावर. थोडा हललेला. आठ सेकंद. मग काळा पडदा.]