'सी' ड्राइव्हच्या आधी

संगणकाची मुख्य डिस्क 'सी' का, 'ए' का नाही, असा प्रश्न संगणक शिकणारी मुले पूर्वी हमखास विचारत. त्याचे उत्तर शोधत मागे गेले, की आपण मायक्रोसॉफ्टपाशी न थांबता कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथे, नौदलाच्या पदव्युत्तर संस्थेत संगणकशास्त्र शिकवणाऱ्या गॅरी किल्डॉल यांच्यापाशी पोहोचतो.

किल्डॉल इंटेलचे सल्लागार होते आणि त्या कंपनीच्या सूक्ष्मप्रक्रियकांसाठी (मायक्रोप्रोसेसरांसाठी) त्यांनी पीएल/एम ही भाषा तयार केली होती. त्या काळी अशा लहान यंत्रात प्रोग्रॅम भरायचा म्हणजे भोके पाडलेली कागदी फीत हळूहळू वाचून घ्यावी लागे. शुगार्ट कंपनीची फ्लॉपी ड्राइव्ह त्यांच्या हाती आली खरी, पण तिला संगणकाशी जोडणारे विद्युत मंडळ (सर्किट) त्यांना जमेना. ते जॉन टोरोड या मित्राने बनवून दिले. त्या ड्राइव्हवरील फाइली सांभाळण्यासाठी 1974 मध्ये किल्डॉल यांनी जी प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) लिहिली, ती सीपी/एम. पडद्यावर 'ए' हे अक्षर आणि त्यापुढे कोनाची खूण उमटे, आणि यंत्र आज्ञेची वाट पाहत थांबे. ए आणि बी या फ्लॉपीच्या जागा ठरल्या. पुढे मायक्रोसॉफ्टच्या डॉस या प्रणालीनेही तीच रीत उचलली आणि हार्ड डिस्क आली तेव्हा तिच्या वाट्याला सी आले.

माझ्या मते किल्डॉल यांचे खरे मोठेपण या अक्षरांत नाही. आयएमसाय या कंपनीला आपल्या यंत्रासाठी सीपी/एम हवी होती, आणि प्रत्येक नव्या ड्राइव्हसाठी तीच प्रणाली पुन्हा पुन्हा दुरुस्त करण्याचा किल्डॉल यांना कंटाळा आला होता. म्हणून यंत्राशी थेट बोलणारा भाग त्यांनी वेगळा काढला आणि त्याला बायॉस असे नाव दिले. फाइलींचा हिशेब ठेवणारा भाग आणि आज्ञा समजून घेणारा भाग त्याच्या वर राहिले. आता नवे यंत्र बनवणाऱ्याने फक्त आपला बायॉस लिहायचा. बाकीचे जसेच्या तसे चाले. एकमेकांशी न जुळणारी यंत्रे एकाच प्रणालीवर चालू लागली आणि प्रोग्रॅम लिहून विकणाऱ्यांना प्रथमच मोठी बाजारपेठ मिळाली.

प्रणाली काही गैरसोयींपासून मुक्त नव्हती. फाइलीची लांबी ती 128 बाइटांच्या तुकड्यांतच मोजत असल्यामुळे मजकूर नेमका कुठे संपला हे कळण्यासाठी शेवटी कंट्रोल-झेड ही खूण ठेवावी लागे. फ्लॉपी बदलल्यावर कंट्रोल-सी दाबायला विसरलात, तर प्रणाली नव्या फ्लॉपीवर काही लिहायला नकार देई. हे चिडवणारे होते, पण शहाणपणाचेही, कारण मोकळ्या जागेचा जुना नकाशा मनात धरून नव्या फ्लॉपीवर लिहिले असते, तर कोणाचा तरी मजकूर पुसला गेला असता.

1980 मध्ये सिअ‍ॅटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स या लहान कंपनीकडे इंटेलच्या 8086 प्रक्रियकाचे यंत्र तयार होते, पण त्यासाठीची सीपी/एम येत नव्हती. तेव्हा टिम पॅटरसन यांनी क्यूडॉस नावाची तात्पुरती प्रणाली लिहिली. नावाचाच अर्थ 'घाईने, ओबडधोबड केलेली'. जुने प्रोग्रॅम सहज उतरवता यावेत म्हणून प्रोग्रॅमने प्रणालीकडून काम करून घेण्यासाठी मारायच्या सीपी/एमच्या हाका त्यांनी मुद्दाम जवळजवळ तशाच ठेवल्या, तर डिस्कवरील नोंदीसाठी मायक्रोसॉफ्टच्या बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेच्या प्रणालीतील फॅट ही पद्धत घेतली. जुलै 1981 मध्ये मायक्रोसॉफ्टने तिचे हक्क विकत घेतले आणि ऑगस्टमध्ये आयबीएम पीसीबरोबर ती पीसी-डॉस म्हणून बाजारात आली. त्याआधी आपल्या पीसीसाठी सीपी/एम मिळवायला आयबीएमची माणसे आली तेव्हा किल्डॉल विमान उडवायला गेले होते, ही कथा फार रंगवून सांगितली जाते. मला किमतींचा फरक अधिक बोलका वाटतो. 8086 घराण्यासाठीची सीपी/एम-86 अखेर आली तेव्हा तिची किंमत 240 डॉलर होती, डॉसची 40.

डॉसची पहिली आवृत्ती फोल्डर जाणतच नव्हती. मार्च 1983 मध्ये दुसरी आवृत्ती 10 मेगाबाइटांची हार्ड डिस्क असलेल्या आयबीएमच्या पीसी-एक्सटी या संगणकासोबत आली, आणि एवढ्या जागेत फाइली एकाच यादीत ठेवणे अशक्य झाल्याने युनिक्स या दुसऱ्या प्रणालीमधील फोल्डरांची उतरंड स्वीकारली गेली. पण युनिक्सची तिरकी रेघ (/) डॉसमध्ये आज्ञांचे पर्याय सांगण्यासाठी आधीच खर्ची पडली होती. म्हणून उलटी तिरकी रेघ (\) निवडली गेली, आणि विंडोजवर फाइलीचा पत्ता लिहिताना तीच अजूनही वापरतात.