चिठ्ठी, फासा आणि शेजाऱ्याचा खिसा

बंधुभगिनींनो, आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघातिघांनी मला विचारलं, "यात व्याख्यानासारखं काय आहे? जुगार पाप आहे एवढं सांगा आणि चहाला सोडा." चहा होईलच. पण पाप म्हणायचं तर कुठल्या आज्ञेखाली, असं कुणी विचारलं की आपली पंचाईत होते. दहा आज्ञांत जुगाराचं नाव नाही. डोंगरावरच्या प्रवचनात नाही. पौलाच्या पत्रांत पापांच्या लांबलचक याद्या आहेत. त्यांत चोर आहेत, लोभी आहेत, मद्यपी आहेत, पण जुगारी नाही.

चिठ्ठ्या मात्र पवित्र शास्त्रात जागोजाग पडतात. यहोशवाने शिलोत चिठ्ठ्या टाकून वंशांना जमीन वाटून दिली. शौल राजा झाला तो चिठ्ठीने, योना सापडला तो चिठ्ठीने. जखऱ्या मंदिरात धूप जाळायला गेला, कारण त्याची चिठ्ठी निघाली. यहूदाच्या जागी मत्थिया प्रेषित झाला, तोही तसाच. फार लांब कशाला, प्रोटेस्टंटांतल्या मेथडिस्ट चळवळीचे संस्थापक जॉन वेस्लींनी 1739 साली एक वादग्रस्त प्रवचन छापावं की नाही, हे चिठ्ठी टाकून ठरवलं होतं. तेव्हा नशिबावर काही सोपवणं हेच पाप, हा मुद्दा टिकत नाही. इंग्लंडमधले, कडक शिस्तीच्या प्युरिटन गटातले पाळक थॉमस गॅटकर यांनी 1619 मध्ये याच विषयावर एक अख्खा ग्रंथ लिहिला. प्रत्येक फाशामागे देवाचा खास हात असतो असं मानायचं कारण नाही, असं ते म्हणाले आणि स्वतःच्याच गोटातल्या लोकांची नाराजी ओढवून घेतली. मला गॅटकर पटतात.

"पण वधस्तंभाखाली शिपाई जुगार खेळले ना?" हे दर शुभ शुक्रवारी ऐकू येतं. योहानाचं शुभवर्तमान नीट वाचा. अंगरखा बिनशिवणीचा होता, फाडला असता तर कुणाच्याच कामाचा राहिला नसता, म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. त्यात कुणी स्वतःचं काही पणाला लावलं नव्हतं. मरणाऱ्या माणसासमोर त्याचे कपडे वाटून घेणं भयंकर आहे, पण ती वाटणी होती.

खरी पैज शास्त्रात आहे, आणि तिच्यावरचं प्रवचन मी तरी कधी ऐकलेलं नाही. शास्ते पुस्तकाचा चौदावा अध्याय. शमशोन आपल्या लग्नाच्या मेजवानीत तीस पाहुण्यांना कोडं घालतो. उत्तर आलं तर मी तीस तागाची वस्त्रं आणि तीस पोशाख देईन, नाही आलं तर तुम्ही द्यायचे. पाहुणे त्याच्या बायकोला धमकावून उत्तर काढून घेतात. शमशोन हरतो. मग काय करतो? अष्कलोनला जातो, तिथली तीस माणसं मारतो, त्यांचे पोशाख उतरवून आणतो आणि देणं चुकतं करतो. पैज लावली यांनी, चुकती केली अष्कलोनच्या माणसांनी. त्यांना तर कोडं काय होतं हेसुद्धा ठाऊक नव्हतं. आपल्याकडे कौरवसभेत हेच झालं. फासे युधिष्ठिराने टाकले आणि सभेत ओढून आणलं द्रौपदीला.

माझं म्हणणं इथून सुरू होतं. जुगाराबद्दल ख्रिस्ती माणसाने पहिला प्रश्न विचारायचा तो असा: हरल्यावर पैसे कोण भरतं?

चर्चची भूमिका शतकानुशतकं एकसारखी राहिलेली नाही. स्पेनमधल्या एल्विरा इथे इसवी सन 305 च्या सुमारास धर्मसभा भरली. पैसे लावून फासे खेळणाऱ्या ख्रिस्ती माणसाला प्रभुभोजनापासून दूर ठेवावं आणि तो सुधारला तर वर्षाने परत घ्यावं, असं तिने ठरवलं. रोममध्ये भरलेल्या 1215 च्या चौथ्या लॅटरन धर्मसभेने फाशांची बंदी धर्मगुरूंना घातली. आजची कॅथलिक शिकवण त्यामानाने मऊ आहे. 1992 च्या धर्मशिक्षण ग्रंथात परिच्छेद 2413 सांगतो की नशिबाचे खेळ किंवा पैजा मुळातच न्यायाविरुद्ध नाहीत. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या गरजेचा पैसा त्यात जाऊ लागला की ते अमान्य ठरतात, आणि खेळाचा नाद माणसाला गुलाम करू शकतो. वेस्लींची परंपरा कडक. 1760 च्या पैशावरच्या प्रवचनात ते म्हणतात की जमेल तेवढं कमवा, पण शेजाऱ्याचं नुकसान करून नको, आणि जुगाराला ते या नुकसानातच धरतात.

कागदावर मला कॅथलिक वाक्य अधिक अचूक वाटतं. चार मित्र दिवाळीत रुपया-रुपया लावून तीन पत्ती खेळले तर नरकाचं दार उघडलं असं मी म्हणणार नाही. पण तेच वाक्य घेऊन आकड्याच्या अड्ड्यावर उभे राहा. मटक्याचा रिवाजाचा दर एकाला नऊ. आकडे दहा. दहा जणांनी एकेका आकड्यावर दहा-दहा रुपये लावले तर शंभर जमले, जिंकणाऱ्याला नव्वद मिळाले, दहा अड्डेवाल्याकडे गेले. पुन्हा खेळा, पुन्हा दहा गेले. खेळणारे दहाच्या दहा जण हुशार असले तरी हे गणित बदलत नाही. आणि असा धंदा हौसेने कधीतरी येणाऱ्यावर चालत नाही. तो चालतो रोज येणाऱ्यावर, ज्याला थांबता येत नाही त्याच्यावर. म्हणजे परिच्छेद 2413 ज्याला धोका म्हणतो, तोच इथे धंद्याचं भांडवल आहे.

गोव्यात मांडवी नदीवरची कॅसिनोची जहाजं बघा. तिथे 1992 मध्ये कायदा बदलून पंचतारांकित हॉटेलांत जुगाराची यंत्रं आली, 1996 मध्ये जहाजांनाही वाट मिळाली. पुढे 1 फेब्रुवारी 2020 पासून गोवेकरांना कॅसिनोत खेळायला प्रवेश नाही, असं सरकारने जाहीर केलं. या निर्णयाचा अर्थ काय? आपल्या माणसांचे संसार यात बुडतात हे सरकारला कळतं. पुण्याचा, बेळगावचा, सुरतचा माणूस बुडाला तर चालेल. येशूला विचारलेल्या "माझा शेजारी कोण?" या प्रश्नाचं इतकं स्पष्ट चुकीचं उत्तर कायद्याच्या भाषेत क्वचितच मिळतं.

मोबाइलवरच्या पैशांच्या खेळांना 2025 च्या केंद्रीय कायद्याने बंदी घातली. त्यावर वेगळं बोलायला नको. सरकार बंदी घालतं म्हणून एखादी गोष्ट पाप होत नाही आणि परवानगी देतं म्हणून पुण्य होत नाही. महाराष्ट्र शासन स्वतः 1969 पासून लॉटरी चालवत आलं आहे.

आता थोडं टोचणारं. मटक्याला नाक मुरडणारी आपली शिकलेली मुलं सकाळी सव्वानऊला फोन घेऊन बसतात. शेअर विकत घेणं म्हणजे एखाद्या धंद्यात भागीदारी करणं, त्याला माझी हरकत नाही. पण फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये, म्हणजे भाव पुढे चढेल की उतरेल यावरच्या सौद्यांत, साप्ताहिक एक्स्पायरीवर (सौद्याची मुदत संपण्याच्या दिवशी) लावलेला पैसा कुठल्या कारखान्यात जातो? शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने 2024 मध्ये जाहीर केलं की तीन आर्थिक वर्षांत या बाजारात उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी 93 टक्के तोट्यात गेले. मटक्याचा बुकी यापेक्षा बरा म्हणायची पाळी आली. तो निदान आपल्या धंद्याला गुंतवणूक म्हणत नाही.

आणि आपला हाऊजी, म्हणजे आकडे पुकारून खेळायचा तंबोला? सणाच्या दिवशी मंडपात पन्नास रुपयांचं तिकीट, बक्षीस प्रेशर कुकर. मी खेळतो. तिथे येणारा माणूस पन्नास रुपये देणगी म्हणूनच सोडून आलेला असतो, हरला तर हसतो, आणि त्याच्या घरी कुणाचं काही अडत नाही. पण बक्षिसाची रक्कम लाखावर गेली, तिकीट हजाराचं झालं, बाहेरगावचे लोक फक्त त्यासाठी येऊ लागले, की मंडपाला अड्ड्याची कळा येते. त्यापेक्षा कापणीच्या सणातला लिलाव बरा. पाचशेला भोपळा घेणाऱ्याला तो भोपळा पाचशेचा नाही हे पक्कं ठाऊक असतं.

शेवटी एका खजिनदारांनी आधीच चिठ्ठीवर लिहून दिलेला प्रश्न घेतो. आकडा लागलेल्या माणसाने दशमांश, म्हणजे मिळकतीचा चर्चला द्यायचा दहावा भाग, आणून दिला तर घ्यावा का? कॅथलिक धर्मपंडित थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात जवळपास हाच प्रश्न घेतला आहे. अल्पवयीन मुलाकडून किंवा भान नसलेल्याकडून जिंकलेला पैसा, लोभापायी दुसऱ्याला खेळात ओढून किंवा फसवून मिळवलेला पैसा, हा परत करायचा असतो. जो परत करायचा तो दान करता येत नाही. यहूदाने फेकलेली तीस नाणी मुख्य याजकांनीही खजिन्यात टाकली नव्हती. तेव्हा खजिनदार साहेब, पावती फाडण्याआधी त्या भावाला बाजूला घ्या. त्याच अड्ड्यावर त्या आठवड्यात आपल्या मंडळीतलं आणखी कोण बसलं होतं, ते विचारा. त्या घरी किराणा भरला आहे का, तेही बघून या. बहुतेक त्या दशमांशाचा पत्ता तिथेच सापडेल.